स्टँडवरचा नंबर

मैथिली रोह्याला उतरली ती कंटाळूनच. वडखळचं ट्रॅफिक नको म्हणून पेणहून रेल्वेनं आली, तर रेल्वेही रखडत आली. लहान शहरांत सुरू झालेली ॲप पुढं तग धरतील का, हे तपासून एका संस्थेला कळवायचं, हे तिचं काम. आजवर जिथं गेली तिथं एकच रड. उद्घाटनाचा फोटो, थोडे दिवस सवलती, मग पैसा आटला की ॲप गपगार. रोह्याच्या 'हाक' या रिक्षाच्या ॲपमध्ये मात्र अजून धुगधुगी होती. एकदा तरी 'टिकेल' असं लिहायला मिळावं, एवढंच तिचं मागणं उरलं होतं.

स्टेशनाबाहेर तिनं 'हाक'वर रिक्षा मागवली. फोनवर अक्षय नावाच्या पोराचा हसरा फोटो आला. समोर आली ती स्टँडच्या रांगेतली पहिली रिक्षा, आणि तीत पांढऱ्या मिशांचे एक काका.

"बसा मॅडम. मी सखा, इथल्याच अष्टमी गावचा. अक्षयनं कॉल माझ्याकडं दिलाय."

उन्हानं तिचं डोकं ठणकत होतं. का दिला, हे विचारायचंही त्राण नव्हतं. बाजारात 'हाक'च्या ऑफिसापाशी उतरल्यावर फोननं विचारलं, फोटोतलाच चालक आला होता का? तिनं सवयीनं 'नाही' दाबलं. तपासायला आलेल्या बाईनं खोटं कशाला बोलायचं?

ॲप सांभाळणारा विराज आत चहा सांगत होता, तोच त्याचा कॉम्प्युटर वाजला.

"बघा, शिस्त किती कडक आहे आपली! या अक्षयच्या नावावर दुसरेच जातात, अशा तक्रारी होत्याच. आता आणखी एक आली. आयडी आपोआप बंद."

मैथिली पटकन पुढं झाली. "अहो, ती माझीच तक्रार. काढून टाका ना!"

"माझ्या हातात नाही ते. बंद झाला की झाला."

"पण तो असं करतो कशाला?"

"स्टँडची खोड, दुसरं काय! कॉल कुणाच्याही फोनवर येवो, पॅसेंजर पहिल्या नंबराचा. साधे फोनवालेही रांगेत असतात ना, ॲप नसलेले, त्यांचाही धंदा व्हावा म्हणून. समजावून थकलो."

तिनं चहाचा कप बाजूला ठेवला. दुसऱ्या शहरांत ॲपवाल्यांच्या रिक्षा अडवल्या गेल्या होत्या, हाणामाऱ्या झाल्या होत्या. इथं रांगेनं ॲपला पोटात घेतलं होतं. आणि ज्या पोरानं ती रांग राखली, त्यालाच तिनं बोटाच्या एका टोकानं उठवलं होतं. तिला स्वतःची भयंकर चीड आली.

बाहेर सखाकाका उभेच होते.

"आणलेला पाव्हणा परत न्यायचा, रीत हाय आमची. अक्षयचाबी फोन आलता, मॅडमना गाडीला सोड म्हणून. त्याचं ॲप बंद झालं म्हणं. कंपनीच्या शिफ्टवाले ॲपवरच बोलवतात, घर चालतंय त्याचं त्याच्यावर."

"काका, ते मीच केलं. 'नाही' मी दाबलं."

त्यांनी वळून पाहिलं. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

"मंग खोटं कुठं बोललाव मॅडम? फोटोत मी नव्हतोच."

रिक्षा स्टेशनावर आली. रांग पुढं सरकली होती आणि आता फोटोतला अक्षय पहिला उभा होता, हसू तेवढं नव्हतं. मागून एका रिक्षावाल्याच्या फोनवर 'हाक'चा कॉल वाजला. तो तिथूनच ओरडला, "अक्षय, तुझा नंबर हाय, घेऊन जा!"

हातात फोन धरलेली एक बाई रिक्षापाशी आली. फोनवरचा त्या मागच्या रिक्षावाल्याचा फोटो बघितला, अक्षयकडं बघितलं, आणि बुचकळ्यात पडून बसली.

मैथिलीची गाडी फलाटाला लागत होती. ती फलाटाकडं न जाता उलट त्या रिक्षाकडं धावली.

"ताई, उतरल्यावर फोन विचारेल, फोटोतलाच आला का म्हणून," ती धापा टाकत म्हणाली. "तेवढं 'हो' दाबा."