लोटनआबांनी पारखलेला पॉवर सप्लाय

मित्रांनो, मी एक जुना पॉवर सप्लाय आहे. कॉम्प्युटरच्या डब्यात तळाशी बसायचं, भिंतीतली वीज घ्यायची आणि ज्याला जेवढी लागेल तेवढी वाटून द्यायची, हे माझं काम. सध्या मी तापीकाठच्या प्रकाशा गावाजवळच्या एका घराच्या माळ्यावर, ठिबकच्या नळ्यांमागे पडून आहे. बोलायला कोणी नाही, म्हणून तुमच्याशी बोलतो.

माझा कारखाना कोणता, ते माझ्या खोक्यावरही छापलेलं नव्हतं. एवढं आठवतं की माझ्या पोटात तांबं बेताचंच घातलं आणि मग एका माणसाने आत लोखंडाची जाड पट्टी बसवली. तिचा विजेशी काडीचा संबंध नव्हता, ती फक्त वजनाला होती. वर चिकटवलं ‘८५० वॅट’. खरी ताकद त्याच्या निम्मी. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी माझी गत.

सुरतेच्या एका दुकानात लोटनआबांनी मला पाहिलं. केळी-कापूस पिकवणारा हा माणूस आपल्या मुलीसाठी, दामिनीसाठी, खरेदीला आला होता. दामिनी दोन ग्राफिक्स कार्डांचा कॉम्प्युटर जोडत होती. एका कार्डावर ती गेम खेळणार, दुसऱ्यावरून तो खेळ लोकांना थेट दिसणार. पुण्याचा एक संघ नवा खेळाडू शोधत होता आणि रविवारी दुपारी तिचा सामना पाहून तो निर्णय घेणार होता. आई गेल्यापासून दामिनी फारशी हसत नव्हती. या निवडीवर मात्र तिने जीव टाकला होता. दोन्ही कार्डांना पुरेल असा सप्लाय शोधून त्याचं नाव तिने चिठ्ठीवर लिहून दिलं होतं.

दुकानदाराने तो सप्लाय काढला आणि शेजारी मलाही ठेवलं. आबांनी एका हातात त्याला घेतलं, दुसऱ्या हातात मला. विहिरीवरच्या मोटारी त्यांनी आयुष्यभर अशाच पारखल्या होत्या. जड मोटर म्हणजे तांबं जास्त, जळायची भीती कमी.

“हाऊच द्या,” ते म्हणाले. “जड शे, तांबं भरपूर व्हई.”

चिठ्ठी पुन्हा खिशात गेली. परतीच्या एस. टी.त त्यांनी मला मांडीवर धरलं. इतक्या मायेने मला कधी कोणी धरलं नव्हतं, आणि मला तेवढीच लाज वाटत होती.

“आबा, मी लिखेल तो नही शे हाऊ,” दामिनी मला पाहून म्हणाली.

“त्यानाथीन जड शे बेटा.”

तिने बापाच्या तोंडाकडे पाहिलं आणि स्क्रू ड्रायव्हर घेतला. सामना दुसऱ्याच दिवशी होता, बदलायला वेळही नव्हता.

रविवारी पहिला अर्धा तास मी तग धरला. दामिनी फार सुंदर खेळत होती. मग खेळ रंगात आला, दोन्ही कार्डांनी एकदम हात पसरले. माझ्याकडे होतं नव्हतं ते मी दिलं. तापलो आणि बंद पडलो. तिने मला पुन्हा सुरू केलं, मी पुन्हा पडलो. तिसऱ्यांदा उभा राहीपर्यंत सामना संपला होता. संघाने दुसऱ्याला घेतलं.

आबा दारात आले. “काय व्हयनं?”

“काही नही आबा. लाइट चालनी गई.”

तिच्या डोक्यावर पंखा फिरत होता. आबांनी वर पाहिलं नाही.

पुढे तिने गुपचूप चिठ्ठीतला सप्लाय मागवला आणि मला माळ्यावर ठेवलं. वर्षभराने तिला नाशिकला नोकरी लागली, कॉम्प्युटरही तिच्याबरोबर गेला. घरात आबा एकटे उरले आणि वर मी. शेजारचे रतिलाल चहाला आले की आबा सांगायचे, “पोरीना कॉम्प्युटर मी आणेल सप्लायवर चाली ऱ्हायना.” कौतुक माझं, आणि त्यातलं एक अक्षरही माझ्या हक्काचं नाही. मित्रांनो, याहून एकटं काय असतं ते मला माहीत नाही.

मागच्या आठवड्यात आबा नळ्या काढायला वर आले आणि मी त्यांना सापडलो. त्यांनी धूळ पुसली, माझ्यावरचं ‘८५० वॅट’ वाचलं.  मग तिथूनच त्यांनी दामिनीला फोन लावला.

“बेटा, मी आणेल सप्लाय आठे माळावर शे.”

 पलीकडून दामिनीचा आवाज आला, “तो सामनामा बंद पडना व्हता. तुमले वाईट वाटतं आबा, म्हनीसन नही सांगं.”

आबांनी डोळे पुसले. “तुन्हा सामना मन्हामुळे गया,” ते म्हणाले. “पुढला टाइमले तू निवड. मी निस्ता संगे येसू.”

आज ते नाशिकला गेले आहेत, घराला कुलूप आहे. मित्रांनो, वस्तू घेताना ती जो वापरणार त्याचं ऐका. आणि ती माझ्यासारखी फसवी निघाली तर मायेपोटी तिला लपवू नका. भंगारात द्या, माझं थोडं तांबं तरी कोणाच्या खऱ्या कामाला येईल.