धाग्याखालची अक्षरं

मंगळवारी दुपारी टॉर्कल मास्तरांनी माझ्या बॅगपाइपच्या सांध्यावरचा धागा उलगडायला घेतला. नळ्या एकमेकींत घट्ट बसाव्यात म्हणून सांध्यावर मेण लावलेला धागा गुंडाळतात. माझा इतका जुना होता की तिथून हवा गळत होती. अर्धा धागा सुटला आणि मास्तरांचे हात थांबले. त्यांनी नळी खिडकीपाशी नेली, अंगठ्यानं पुसली, पुन्हा पाहिली.

"हा तुला कुठे मिळाला?"

"बाबांनी घेतलाय. पीटरहेडला, एका खलाशाकडून. मी लहान होते तेव्हा."

त्यांनी नळी माझ्यापुढे धरली. लाकडात कोरलं होतं, 'डी. मॅक. १९०४'. खाली चाकूनं वेडंवाकडं खरवडलेलं एकच अक्षर होतं, एफ.

"डी. मॅक. म्हणजे माझे आजोबा," मास्तर म्हणाले. "आणि एफ म्हणजे फिन्ले, माझा थोरला भाऊ. हे अक्षर कोरलं म्हणून वडिलांनी त्याला पट्ट्यानं मारलं होतं. मी तेव्हा दारात उभा होतो."

स्कॉटलंडच्या युइस्ट बेटावर मास्तर चालवत त्या बॅगपाइपच्या उन्हाळी शाळेत मी पहिल्यांदाच आले होते. चौतीस वर्षांची होते, ओबनच्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होते, आणि सरावाच्या साध्या नळीवर दोन वर्षं बोटं घासून झाल्यावर आता खरा पाइप काखेत घ्यायचा होता. आमच्या घरात एक होता, कपाटावरच्या पेटीत. बाबांनी तो कधी वाजवला नाही, आणि मला मागूनही दिला नाही. "शिकायचं तर दुसरा घे, मी पैसे देतो," म्हणायचे. जुलैत ते डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होते, तेव्हा मी पेटी न विचारता उचलून आणली.

फिन्लेचं पुढे काय झालं ते मास्तरांनी धागा गुंडाळता गुंडाळता सांगितलं. वडिलांशी भांडून तो पाइप घेऊन बेटावरून निघून गेला, हेरिंग मासे धरणाऱ्या बोटींवर लागला, प्यायला लागला. एकोणसाठ साली पीटरहेडच्या धक्क्याशी पाण्यात त्याचं प्रेत सापडलं. पाइप सापडला नाही. आजोबांचा पाइप फिन्लेनं व्हिस्कीपायी विकला, हे मग सगळं बेट धरून चाललं.

"तुम्हाला तो परत हवाय का?" मी विचारलं.

"शुक्रवारी बघू, वर्ग संपले की. तोवर शिकायला आलीयस ते शीक."

बुधवार सकाळ मला अजून आठवते. आम्ही पाच जण भिंतीला पाठ लावून उभे होतो. पिशवीत हवा भरायची, हातानं एक थाप द्यायची आणि तिन्ही मोठ्या नळ्यांचा सूर एकदम धरायचा, एवढंच करायचं होतं. मास्तर बाकीच्यांची बोटं पाहत होते. माझ्यासमोर आले की त्यांची नजर पाइपवरून हलत नसे. माझी थाप चुकायची, सूर कण्हत यायचा आणि मरायचा. ग्लासगोचा बस ड्रायव्हर वॉली माझ्या शेजारी असायचा. तो म्हणाला, "फाटकात मेंढी अडकलीय, कुणीतरी सोडवा रे." सगळे हसले. मास्तर हसले नाहीत.

"छातीनं दाबू नकोस. हातानं दाब," ते म्हणाले. "परत."

त्या सकाळी त्यांनी मला बहुधा तीसेक वेळा 'परत' म्हटलं. शेवटी सूर लागला, दहा सेकंद टिकला, आणि मास्तर पाठ फिरवून खिडकीकडे गेले. बाहेर समुद्राशिवाय काही नव्हतं. 

जेवणाच्या सुट्टीत मी रस्त्यावरच्या फोनबूथमधून घरी फोन लावला. बाबा दवाखान्यातून घरी आले होते. कपाटावरची रिकामी जागा त्यांनी पाहिली होती.

"कुठे आहेस?" त्यांनी विचारलं. मी युइस्ट म्हणाले. मी अक्षरांचं आणि मास्तरांचं सांगितलं. मी एकामागून एक नाणी टाकत होते. मग बाबा बोलू लागले, हळू, थांबत थांबत.

पीटरहेडला बोटींवर कामाला असताना ते आणि फिन्ले एकाच खोलीत राहत. फिन्ले शुद्धीवर असताना त्यानं पाइप बाबांच्या हवाली केला. हा माझ्याजवळ राहिला तर मी विकीन, म्हणाला. मी पाया पडलो तरी देऊ नकोस. दोन आठवड्यांनी एका शनिवारी दुपारी तो झिंगून आला आणि पाइप मागू लागला. बाबांनी दिला नाही. झटापट झाली. बाबांनी त्याला जिन्यावर ढकललं आणि दाराला कडी घातली. बराच वेळ तो दार बडवत होता. मग शांत झाला. रविवारी सकाळी तो पाण्यात सापडला.

"पोलिसांनी त्याच्या सामानाचं विचारलं," बाबा म्हणाले. "पाइपचं सांगितलं असतं तर जिन्याचंही सांगावं लागलं असतं. म्हणून गप्प बसलो. मग एक वर्ष गेलं, आणि मग कोणत्या तोंडानं सांगणार?"

मी शेवटचं नाणं टाकलं.

"मार्सली, त्याच्या भावाला सांगू नकोस. विकत घेतला असंच सांग. पाइप देऊन टाक आणि ये घरी."

त्या रात्री मी जेवले नाही. गुरुवारी वर्गात बोटं दगडासारखी झाली होती. गप्प राहिले असते तर बाबा वाचत होते. पण ज्यानं पाइप वाचवला त्यालाच सगळं बेट पाइप विकणारा दारुडा म्हणत होतं. वर्ग सुटल्यावर मी मागे थांबले. ती प्राथमिक शाळा होती. आम्ही दोघं लहान मुलांच्या खुर्च्यांवर गुडघे वर करून बसलो आणि मी सगळं सांगितलं, जिनासुद्धा.

मास्तरांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, "म्हणजे त्यानं विकला नव्हता."

"नाही."

"आई गेल्या जानेवारीत गेली," ते म्हणाले. "एकोणतीस वर्षं त्याचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला होता तिनं."

मी रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं, समजूत घातली नाही.

"तुझ्या वडिलांना उद्याच्या बोटीनं यायला सांग. मला एकट्याला सांगून नको. शुक्रवारच्या कार्यक्रमाला गाव येतं, तिथे सांगू देत. बदनामी सगळ्यांसमोर झाली होती."

"आणि नाही आले तर?"

"तर मी सांगेन. माझ्या तोंडून ते ऐकणं तुला सोसणार नाही."

मी पुन्हा फोनकडे गेले. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

शुक्रवारी बोट दुपारी आली. मी धक्क्यावर उभी होते. मास्तरही आले होते, माझ्यापासून दहा पावलांवर, हात कोटाच्या खिशात. माणसं उतरली, गाड्या उतरल्या, टपालाच्या गोण्या उतरल्या. उतरायची फळी रिकामी झाली.  मग खलाशानं कुणाला तरी हात दिला आणि बाबा दिसले. चर्चला जायचा काळा सूट, एका डोळ्यावर पट्टी, कठडा घट्ट धरलेला.

ते मास्तरांसमोर येऊन थांबले. "मी लाखलन," म्हणाले आणि हात पुढे केला. मास्तरांनी हात घेतला नाही.  त्यांनी बाबांच्या हातातली बॅग मात्र घेतली आणि पुढे चालू लागले.

हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं होती. आधी आम्ही नवशिके. मी फिन्लेच्याच पाइपवर वाजवलं, एक साधी संथ चाल. दुसऱ्या भागात बोट घसरलं, सूर डगमगला, पण थांबले नाही, शेवटपर्यंत नेलं. टाळ्या पडल्या त्या मला ऐकूच आल्या नाहीत. मी बाबांकडे पाहत होते.

मास्तर उठले. ओबनहून आलेल्या या गृहस्थांना काही सांगायचंय, एवढंच म्हणाले आणि बसले.

बाबा उभे राहिले. समोरच्या खुर्चीची पाठ धरून त्यांनी आधी आपलं नाव आणि मग सगळं गेलिकमध्ये सांगितलं, आमच्या घरात रोज जी बोलतो त्या भाषेत. काही गाळलं नाही. "फिन्लेनं पाइप विकला नाही," ते म्हणाले. "त्यानं तो स्वतःपासून वाचवायला मला दिला होता. मी त्याला ढकललं, आणि त्याचं नाव खराब होत असताना गप्प बसलो."

 खिडकीशी एक म्हातारा होता, पूर्वी टपाल वाटायचा, तो म्हणाला, "एकोणतीस वर्षं, लाखलन?"

"हो."

म्हाताऱ्यानं टोपी डोक्यावर घातली आणि निघून गेला. त्याच्यामागे आणखी दोघं गेले. बाकीचे बसून राहिले. चहा वाटणाऱ्या बाईनं थोड्या वेळानं बाबांच्याही हातात कप दिला. 

बाहेर पडताना बाबांनी मास्तरांना विचारलं, पोलिसांकडे जाऊ का. मास्तर म्हणाले, "ते तुमचं तुम्ही ठरवा. मला जे हवं होतं ते झालं." पाइपची पेटी त्यांच्या काखेत होती. मला म्हणाले, "उजवा कोपर खाली ठेवत जा. आणि रोज वाजव."

बाबा सोमवारी ओबनच्या पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या तरुण शिपायानं सगळं लिहून घेतलं, चहा दिला आणि घरी पाठवलं. त्यावर पुढे काही आलं नाही. मला वाटतं, आलं असतं तर बाबांना बरं वाटलं असतं.

हिवाळ्यात मी जुना, स्वस्तातला पाइप घेतला. त्याआधी ऑक्टोबरमध्ये युइस्टहून एक पत्र आलं होतं; त्यावर माझं नाव नव्हतं, बाबांचं होतं. त्यांनी ते खिडकीशी उभं राहून दोनदा वाचलं आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. त्यात काय होतं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. पुढच्या जुलैत मी पुन्हा बोटीत बसले तेव्हा मात्र बाबा धक्क्यापर्यंत सोडायला आले, आणि मास्तरांना नमस्कार सांग म्हणाले.