नांगे धरले का?

मालनबाईंनी डॉक्टरांच्या पुढ्यातला कागद टेबलावरच फिरवून आपल्याकडे करून घेतला. त्यावर डॉ. रुचा देव यांनी दोन रेघा ओढल्या होत्या, एक आखूड, एक लांब, आणि मघापासून मालनबाईंच्या मुलाला, रामहरीला, त्या समजावून सांगत होत्या. जिला आजार झाला होता तिच्याकडे दोघांपैकी कुणाचंच लक्ष नव्हतं.

"मला सांगा आदी," मालनबाई म्हणाल्या. "आजार माजा हाय."

रामहरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. राहुरीच्या हायस्कुलात साठ-साठ पोरांना वठणीवर आणणारा हा भूगोलाचा मास्तर दवाखान्याची पायरी चढला की गळूनच जायचा. वडील अशाच एका वॉर्डात त्याच्या डोळ्यांदेखत गेले होते. तेव्हापासून नुसता फिनेलचा वास आला तरी तो फाटकातूनच मागे फिरायचा. म्हणून तपासणीला, तुकडा काढायला, एमआरआयला, सगळीकडे आईबरोबर त्याची बायको अश्विनीच नगरला आली होती. आज काय ते ठरवायचं आहे, मुलाला घेऊन या, असा निरोप आला तेव्हा त्याचा इलाज चालला नाही. दोन्ही उपचारांबद्दल अश्विनीकडून त्याला कळलं होतं आणि कमी दिवसांचा, म्हणजे आखूड रेघेचा, उपचार त्याने घरीच पक्का करून टाकला होता. आईला त्रास कमी, असं तो एसटीत बसून स्वतःला बजावत आला होता.

"पिशवीच काढून टाकली तर?" त्याने विचारून पाहिलं.

"ऑपरेशनची वेळ गेली, सर. तिसरी स्टेज आहे. गर्भाशयाच्या मुखापासून बाजूला पसरलंय." मग डॉक्टरांनी खुर्ची मालनबाईंकडे वळवली. "मावशी, ही आखूड रेघ म्हणजे सहा-सात आठवडे शेक, रेडिएशनचा. त्याबरोबर आठवड्यातून एकदा केमोचं सलाईन, शेवटी आतून शेक. लांब रेघेत याच्या आधी सहा आठवडे नुसता केमो, आणि मग हे सगळं. तीन महिने धरा. केस जातील, रक्त उतरेल, अंगात त्राण राहणार नाही."

"फरक कितीचा?"

"पाच वर्षांनी मोजलं, तर लांब रेघेतल्या शंभरात सात-आठ जणी जास्त जगलेल्या दिसतात."

मालनबाईंनी सव्वीस वर्षं कृषी विद्यापीठाच्या ज्वारीच्या प्लॉटवर खुरपं चालवलं होतं. अक्षरओळख सहीपुरती. पण कुठल्या प्लॉटला काय घातलंय आणि त्यातला कुठला यंदा हसणार, हे साहेबांच्या आधी त्यांना कळायचं.

"आन् कंट्रोल?"

"म्हणजे?"

"आमच्याकडं एक प्लॉट कंट्रोलचा आसतो. त्याला काईच द्यायचं न्हाई. त्याच्याशी ताडल्याबिगर बाकीच्यांचं काय कळायचं? मला काईच न्हाई दिलं तर?"

"आई!"

महिनाभर हा प्रश्न घरात सगळ्यांच्या ओठांपर्यंत येऊन परत जात होता. डॉक्टरांनी रामहरीकडे एकदा पाहिलं, पण उत्तर त्याच्या आईला दिलं. "वर्ष. फार तर दीड. तेही त्रासाचं."

मालनबाईंनी मान हलवली. "आता लागला मेळ. बरं, ह्या शंभरात नांगे धरले का?"

"नांगे?"

"पेरल्यावर मदली रोपं मरत्यात, त्या मोकळ्या जागा. काई सायेब त्या सोडून मोजायचे. मंग पिकाचा उतारा लई दिसायचा. लांबच्या रेघंवर ज्या बाया मदीच थकून घरी गेल्या, त्या धरल्या का सोडल्या?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "धरल्या, मावशी. पहिल्या दिवशी आलेली प्रत्येक बाई धरली आहे." आणि हसून म्हणाल्या, "हे आम्हाला परीक्षेत विचारतात."

रामहरी आईकडे बघतच राहिला. मजुरी करून पोराला मास्तर केलं म्हणून गाव तिला नावाजायचं आणि तोही मान ताठ करून ते ऐकायचा. त्या रानात ती स्वतः काय काय शिकली, हे विचारायचं त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्याचा ऊर भरून आला आणि लाजही वाटली.

"मदीच का जात्यात बाया?"

"आमच्याकडे तरी औषध झेपत नाही म्हणून थोड्या जातात. बरोबर यायला माणूस नाही म्हणून जास्त. आणि मध्ये आठवडे चुकले, शेक लांबला, तर फायदा राहिला बाजूला, उलट नुकसानच."

"आसंच आसतं," मालनबाई म्हणाल्या. "बियान्याच्या वानात खोट नसती. पानी देनारा एक दिस येतो, दोन दिस दांडी मारतो. पीक वाळून जातं आन् बोल वानाला."

हे बोलताना त्यांची नजर कागदावर होती. रामहरीने मांडीवरची फाईल घट्ट धरली. आखूड रेघ कुणाला झेपावी म्हणून आखूड होती, ते त्याला आता लख्ख दिसलं.

"मग सांगा, मावशी. कुठली लिहू?"

इतका वेळ प्रश्नावर प्रश्न टाकणाऱ्या मालनबाईंनी कागद डॉक्टरांकडे परत सरकवला आणि खिडकीकडे तोंड वळवलं. डॉक्टरांनी फॉर्म पुढे ओढला. "बरं, तोवर हे भरते. बरोबर कोण येणार?"

अश्विनीचं नाव रामहरीच्या जिभेवर आलं होतं. मालनबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"मी," तो म्हणाला. "दर वेळी मीच येईन."

मालनबाईंनी मान वळवून पोराला नीट न्याहाळलं.

"भवळ यील तुला."

"आली तर तिथंच बसंन खाली. पन यीन."

"मंग लांबची लिवा, डाक्टर."