काडी ओढायला

सिकंदर शिकलगार अहमदाबादहून कोल्हापूरला आला तेव्हा शिवाजी पेठेतल्या त्यांच्या खोलीचं कुलूप गंजून बसलं होतं. रॉकेल सोडून, किल्ली हलवून हलवून त्यानं ते उघडलं. आत वडिलांचं धार लावायचं चाक गोणपाटाखाली होतं तसंच होतं. गैबी शिकलगार जाऊन आता तीन वर्षं होत आली होती. आई थोरल्या मुलाकडं, मौलालीकडं उचगावला राहायला गेली होती. सिकंदरही जेवायला-झोपायला उचगावलाच जायचा, पण त्याचं काम पेठेत होतं, आणि दिवसभर बसायला ही खोली बरी होती.

काम काय, हे मात्र कुणाला सांगता येत नव्हतं. तो अहमदाबादच्या संस्थेत औद्योगिक डिझाइन शिकत होता आणि हे त्याचं शेवटचं वर्ष होतं.

"डिझाइन म्हंजे? साडीवरचं व्हय?" तालमीच्या कट्ट्यावर त्याला पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारलं.

"साडीवरचं न्हाई. वस्तूंचं. खुर्ची, पंखा, स्टोव्ह असलं."

"खुर्ची सुतार करतोय की रं."

त्यानंतर तो "इंजिनेरिंगसारखंच हाय" एवढंच सांगायला लागला. ज्यांच्याबरोबर तो लहानपणी फुटबॉल खेळला होता ती पोरं आता मिशा ठेवून दुकानं बघत होती. कट्ट्यावर त्याला जागा करून देताना एकजण हसत म्हणाला, "बसा की पावणं." गंमतच केली होती त्यानं. पण सिकंदर बसला खरा, आणि थोड्या वेळानं काम आहे म्हणून उठला.

अहमदाबादहून निघताना सरांनी वर्गाला बजावलं होतं: कागदावर रेघ ओढायच्या आधी कुणाच्या तरी घरात जाऊन बसा. विचारू नका, बघा. माणूस कुठं अडतो ते त्याला स्वतःलाही सांगता येत नाही, कारण त्याला अडण्याची सवय झालेली असते. सिकंदरला ते फार पटलं होतं. आता बसायचं कुणाच्या घरात, एवढाच प्रश्न होता.

तो सुटला अंबूबाईमुळं. बोळाच्या टोकाला एका खोलीत ती एकटी राहायची. नवरा छापखान्यात होता, तो वारल्याला बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. तिच्या विळीला धार गैबीच लावून द्यायचा. सिकंदर भेटायला म्हणून गेला, तर ती वातीच्या स्टोव्हपुढं नुसतीच बसलेली. बाजूला चहाचं आधण, काड्याची पेटी, आणि स्टोव्ह थंड.

"गैबीचं पोरगं न्हवं तू? बस बाबा. बायडी आली की च्या टाकतो."

अहमदाबादेत त्याला ऐकायला मिळत नव्हतं ते हेच, बाईमाणसानं 'टाकतो', 'येतो' म्हणणं. त्याला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

"बायडी कशाला? मी पेटवतो की, मावशी."

"नगं. यील ती."

तिनं हात पुढं करून दाखवले. आमवातानं बोटं वाकून एकमेकांवर चढली होती. काडी चिमटीत धरता येत नव्हती, स्टोव्हची वात वर करायची ती बारकी चावी पिळता येत नव्हती. शेजारच्या घरची सून, बायडाबाई, सकाळ-संध्याकाळ येऊन पेटवून द्यायची.

सिकंदरनं त्या हातांकडं पाहिलं आणि त्याला आपलं काम सापडलं.

त्या दिवसापासून तो रोज अंबूबाईकडं जाऊन बसायला लागला. कोपऱ्यात पोत्यावर बसायचा, गुडघ्यावर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर कागद. तिचे हात काढायचा. बोटं कशी वळतात, मनगट किती फिरतं, तांब्या उचलताना ती दोन्ही तळव्यांचा कसा उपयोग करते. अंबूबाईला आधी संकोच वाटला. "ह्या वाकड्या हातांचं चित्र कशाला रं?" मग सवय झाली. गैबीच्या गोष्टी ती सांगायची, तालमीतल्या जुन्या भांडणांच्या, नवऱ्याच्या बोटांवरच्या न जाणाऱ्या शाईच्या. उचगावला आई जेवायला वाढायची आणि लवकर झोपायची. मौलाली कामावरून यायचा तो दमलेला. दिवसभरात सिकंदरशी नीट बोलणारं माणूस म्हणजे अंबूबाईच.

मग बायडाबाई यायची. पदर खोचून वाकायची, चावी पिळायची, काडी ओढायची, वात सारखी करायची. मग टेकायची तिथंच. चहा व्हायचा, तो दोघी प्यायच्या, सिकंदरलाही मिळायचा. बायडाबाई तिशीची असेल. त्याच्यासमोर ती फारसं बोलायची नाही, पण अंबूबाईच्या कानाशी लागून काहीतरी सांगायची आणि दोघी तोंडाला पदर लावून हसायच्या. सिकंदर तेवढ्या वेळात स्टोव्हच्या चावीचं माप घ्यायचा.

मौलाली उद्यमनगरातल्या कारखान्यात लेथवर होता. त्यानं भावाची चित्रं उलटसुलट करून पाहिली.

"एवढं शिकून काड्याची पेटी?"

"पेटी न्हाई. पेटी धरायचं."

"तेच ते."

तरी जेवणाच्या सुट्टीत त्यानं भावाला मशीनवर उभं केलं आणि लागेल ते कातून दिलं. पहिला प्रयत्न फसला, काडी धरायची मूठ फार जड झाली. दुसऱ्यात सिकंदरनं आंब्याच्या लाकडाची गुबगुबीत मूठ केली. बोटांनी धरायची नाही, अख्ख्या पंजात घ्यायची. तिच्या टोकाला पत्र्याचा चिमटा होता, पेटीच्या फटीवर दाबला की काडी आपसूक त्यात बसायची. पेटी एका जड ठोकळ्यात घट्ट. आणि स्टोव्हच्या चावीच्या जागी लांब दांडी, तळव्यानं ढकलली की वात वर, ओढली की खाली.

त्यानं ते सगळं अंबूबाईपुढं मांडलं आणि मागं सरकून बसला. सरांनी सांगितलं होतं, मदत करायची नाही.

पहिली काडी मोडली. दुसरी पेटली आणि विझली. तिसरी पेटली, आणि अंबूबाईनं ती वातीला लावली. ज्योत पिवळी होऊन भडकली. तिनं तळव्यानं दांडी ओढली. ज्योत खाली बसली, निळी झाली.

"आगं बया!" ती स्वतःच्या हाताकडं बघत राहिली. मग ओरडली, "बायडे! आगं ये की! बघ तर!"

बायडाबाई धावत आली. काय झालं ते तिला कळायला जरा वेळ लागला. "मी पेटवला," अंबूबाई म्हणाली. "माजा मी."

"आता मी सुटलो की," बायडाबाई हसत म्हणाली. उंबऱ्यावर ती थोडी घुटमळली. घरातून सासूची हाक आली तशी परत गेली.

सिकंदरनं संस्थेच्या कॅमेऱ्यानं फोटो काढले. त्या दिवशी उचगावला चालत जाताना त्याला वाटेत कुणालातरी थांबवून सांगावंसं वाटत होतं. ओळखीचं कुणी भेटलं नाही.

पुढं त्याला पेठेत यायचं काही कारण उरलं नाही. उचगावलाच बसून तो शेवटची चित्रं पक्की करत राहिला. मधे एकदा बोळापर्यंत आला होता. पण अंबूबाईनं "का आलास?" विचारलं तर काय सांगायचं, ते न सुचून परत फिरला. आठवडा उलटल्यावर मात्र आणखी एखादा फोटो हवा असं मनाशी ठरवून तो गेला.

अंबूबाई भिंतीला टेकून बसली होती. पुढ्यात पाण्याचा तांब्या, कागदावर बेकरीतली दोन कडक बटरं. स्टोव्हवर धूळ होती. मूठ आणि ठोकळा वर फळीवर ठेवलेले.

"मोडलं की रं ते," त्यानं काही विचारायच्या आत ती म्हणाली.

त्यानं फळीवरून काढून पाहिलं. चिमटा ठीक होता. दांडी मोकळी फिरत होती. त्यानं काडी ओढली, स्टोव्ह पेटवला, विझवला.

"चालतंय की, मावशी."

"तुज्या हातानं चालतंय."

"हात जास्त दुखतोय काय?"

"न्हाई."

ती दुसरीकडं बघायला लागली.

"बायडाबाई आल्या न्हाईत?"

"ती कशाला यील आता?"

"मग तुमी सैपाक... निदान च्या?"

"एकटीपुरता कोण करतंय बाबा," अंबूबाई म्हणाली, आणि बटर पाण्यात बुडवून खाल्लं.

सिकंदर उठून बाहेर आला. त्याला राग आला होता आणि तो कुणावर ते त्याला कळत नव्हतं. बायडाबाई नळाजवळ भांडी घासत होती. तो सरळ तिच्यापुढं जाऊन उभा राहिला.

"वयनी, मावशीकडं जाईनासा झालासा?"

तिनं मान वर केली नाही. "मशीन दिलंस की तू."

"मशीन काडी ओढतंय. तुमी नुसतं बसायला जावा की."

"नुसतं?" बायडाबाईनं घराच्या दाराकडं नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "नुसतं कसं जायचं? सासू विचारती, कुटं निगालीस. म्हातारीचा स्टो पेटवायला, म्हटलं की गप बसती. पुण्य लागतंय त्येचं घराला. बसायला निगालो, म्हणून सांगू व्हय तिला?"

हातातलं पातेलं तिनं राखेनं पुन्हा घासायला घेतलं. ते केव्हाच स्वच्छ झालं होतं.

"म्हातारीकडं तेवढंच काय ते बोलत हुतो मी," ती म्हणाली. "जा आता. सासू बघती."

सिकंदर खोलीवर गेला आणि वडिलांच्या चाकाशेजारी बसून राहिला. इतके दिवस त्यानं डोळे फाडून बघितलं होतं. मोडलेल्या काड्या बघितल्या, मनगटं बघितली. स्टोव्ह पेटल्यावर दोघी बसायच्या तेव्हा आपलं काम संपलं समजून त्यानं मान खाली घातली होती. आणि तो स्वतः रोज तिथं कशासाठी जात होता? मोजमापं तर पहिल्या काही दिवसांतच पुरी झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बायडाबाईच्या दारात गेला. सासू, चिमणाबाई, उन्हात तांदूळ निवडत बसली होती.

"आज्जी, मावशीचं मशीन बिघडलंय," तो सगळ्या बोळाला ऐकू जाईल असं म्हणाला. "दुरुस्त हुईत न्हाई. भडका बिडका उडायचा. सूनबाईंना आदीसारखं लावून द्या."

"आठ दिवस टिकलं न्हाई व्हय?" चिमणाबाईनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "एवढं अमदाबादला जाऊन हेच शिकलास? तुजा बा धार लावायचा ती वरीसभर उतरत न्हवती."

"व्हय, आज्जी."

"बायडे! जा, म्हातारीचा स्टो पेटव. परत लागलं ते आपल्याच मागं!"

बायडाबाई पदर खोचत बाहेर आली. सिकंदरकडं न बघता त्याच्या बाजूनं गेली.

निघायच्या दिवशी तो निरोप घ्यायला गेला तेव्हा आत दोघींचं हसणं चाललं होतं. तो उंबऱ्यावर आल्याबरोबर ते थांबलं. बायडाबाईनं पदर सारखा केला. अंबूबाईनं मोठ्या मायेनं त्याला बसवलं, कपाऐवजी जपून ठेवलेल्या काचेच्या ग्लासात चहा दिला, अंडी-दूध खात जा म्हणाली. त्यानं चहा संपवला. तो गेल्यावर मागं पुन्हा बोलणं सुरू होणार, हे त्याला बसल्या जागी कळत होतं. गाडीची वेळ झाली म्हणून तो उठला. गाडीला अजून खूप वेळ होता.

अहमदाबादेत परीक्षकांपुढं त्यानं सगळी चित्रं लावली, मूठ, ठोकळा, दांडी मांडली. बाहेरून आलेल्या एका परीक्षकानं मूठ पंजात घेऊन काडी ओढून पाहिली आणि मान डोलावली.

"छान. त्या बाई वापरतात ना?"

"नाही."

"का?"

सिकंदरनं सांगितलं. बायडाबाईचं, सासूचं, चहाचं. स्वतः बोळात उभं राहून खोटं बोलल्याचंही सांगितलं. तो स्वतः रोज तिथं कशासाठी जायचा, तेवढं सांगायचं राहिलं.

"मग याला उपाय काय?" परीक्षकांनी विचारलं.

"मला सापडला नाही."

ते आपसात बोलले. चित्रं चांगली होती, काम नेटकं होतं, पण जी वस्तू करणाऱ्यानंच मागं घेतली तिच्यावर पदवी कशी द्यायची? आणखी एक सत्र थांबून दुसरा विषय करावा असं ठरलं. कारखान्यात चालेल असा, टेबलफॅन किंवा शिलाई मशीन. सरांनी दारापर्यंत येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

वर्गातली बहुतेक मुलं पास होऊन घरोघर गेली. वसतिगृह अर्धं रिकामं झालं. सिकंदरच्या शेजारच्या खोलीत एक मद्रासकडचा मुलगा होता, खालच्या वर्गातला. वर्षभर दोघांनी जिन्यात एकमेकांकडं बघून मान हलवण्यापलीकडं काही केलं नव्हतं. त्याच्या खोलीतून रेघा आखायची टी-स्क्वेअर पट्टी सरकल्याचा आवाज रोज भिंतीपलीकडून यायचा.

एका दुपारी सिकंदर उठला आणि त्यानं त्या दारावर टकटक केली.

"खोडरबर आहे का?" त्यानं हिंदीत विचारलं. स्वतःचा त्याच्या खिशात होता.

मुलानं ड्रॉइंग बोर्डावरची नजर न काढताच खोडरबर पुढं केला. "कल दे देना."

"हां," सिकंदर म्हणाला. "कल लाता हूं."