झील म्हणजे तलाव नव्हे

नोटीस आली त्या सकाळी गोपिका तर्री-पोहे खात होती, आणि तर्रीचा एक लाल थेंब थेट गुरुग्रामच्या कंपनीच्या नावावर पडला. तिनं तो बोटानं पुसला, तर नाव आणखीच लाल झालं. बारा पानं, सगळी इंग्रजीत. तिसऱ्या पानापर्यंत पोचली तोवर पोहे निवले होते.

नंदनवन वस्तीतल्या दोन खोल्यांतून ती ‘गंमतघर’ नावाचं ॲप चालवी. मंडईच्या जत्रेत गावोगाव खडी गंमत हा गाण्या-सोंगांचा खेळ उभा राहतो, शाहिराचा डफ कडाडतो, मागं तुणतुणं बोलतं. ते सगळं हे ॲप तिथल्या तिथं फोनवर दाखवी. बघणारे कोण, तर पुण्याच्या कारखान्यात गेलेले, सुरतेला गेलेले, आणि मंडईपासून दोन कोसांवर गुडघे धरून बसलेल्या म्हाताऱ्या. गावाकडचं नेट लहरी पाहुण्यासारखं. आलं तर आलं. दुसऱ्या ॲपवर ते गेलं की पडद्यावर गोल चक्र फिरत राहतं. गोपिकेच्या ॲपवर चक्र नव्हतंच. नेट तुटलं की आधी येऊन पोचलेली गाण्याची शेवटची ओळ फोन आपणच पुन्हा म्हणायचा, परत म्हणायचा, आणि नेट आलं की गाणं पुढं चालायचं. ऐकणाराला वाटे, शाहीरच ओळ घोळवतोय.

या युक्तीचं नाव तिनं ‘झील’ ठेवलं होतं. तिचे बाबा, शालिकराम, चाळीस वर्षं झीलकरी होते. झीलकरी शाहिराच्या मागं उभा राहून त्याची ओळ उचलतो. शाहीर दम घ्यायला थांबो, शब्द विसरो, पान थुंकायला बाजूला जावो, मागून झील सुरूच. गाण्याला भोक पडू द्यायचं नाही, एवढा एकच धर्म.

कंपनीचं म्हणणं असं, की तुटलेला व्हिडिओ आधीच्या तुकड्यानं सांधायची ही पद्धत आमची आहे. २०१५ साली आम्ही पेटंटचा अर्ज केला, पेटंट मिळालंही. महिन्याभरात बंद करा, नाहीतर कोर्टात भेटू. मंडया दिवाळीनंतर लागतात, आणि दिवाळीला पाच आठवडे उरले होते.

“बंद करून टाक वं,” शालिकराम म्हणाले. “भांडण काहून विकत घेतं?”

“मंग उमरेडच्या रुखमाबाई काय चक्र पाहत बसतीन, बाबा? झील नसली तर लोक दोन मिनिटं नाही थांबत. ॲपच बसते खाली.”

रुखमाबाई मंडईभर रोज फोन करून कोणत्या शाहिराचा आवाज बसला ते कळवत. त्यांचं नाव निघालं की वाद मिटे.

वकील मिळाला तो जरीपटक्याचा मुकुंद. मराठी बोलता बोलता हिंदीत शिरायचा आणि परतायचं विसरायचा. चार दिवसांनी तो उत्तराचा मसुदा घेऊन आला.

“ताई, बाकी सब ठीक आहे. फक्त एक समजलं नाही. मामला व्हिडिओचा, याच्यात तलाव कुठून आला?”

“कोणता तलाव?”

“झील. हिंदीत झील म्हणजे तलाव ना? मी तर इंग्रजीत सगळीकडे ‘लेक सिस्टीम’ लिहून टाकलं.”

शालिकरामांच्या नाकातून चहा आला. “लेक माही हाये, सिस्टीम तिची हाये. वकीलसाहेब, बरोबरच लिहिलं गा तुमी.”

मुकुंदानं सगळं समजून घेतलं, कान लाल करून घेतले, आणि मग कामाचं बोलला. पेटंट पाडायचं तर त्या अर्जाच्या आधी हीच युक्ती लोकांसमोर झालेली दाखवावी लागेल. कागदावर, तारखेसकट.

“बाबांची चाळीस वर्षं आहेत की.”

“गळ्याची झील जजसाहेब ऐकतील, खूश होतील, आणि म्हणतील, कॉम्प्युटरवरची आणा.”

“कॉम्प्युटरवरची बी होती,” शालिकराम म्हणाले.

दोघांनी वळून पाहिलं.

“इंजिनिअरिंग कॉलेजचे दोन पोट्टे आले होते मंडईत. करिष्मा नावाची एक पोरगी आन् सौरव. आपली गंमत नेटवरून उमरेडच्या दुकानात दाखवून राहिले होते. घडी घडी तुटे. मी म्हटलं, मशीनमंदी एक झीलकरी उभा करा. दुसऱ्या वर्षी करून आले. कॉलेजच्या प्रदर्शनात ठेवलं म्हणत होते. तू दहावीत होती.”

“आणि हे तुम्ही आत्ता सांगून राहिले?”

“तू कधी पुसलं?”

दुसऱ्या दिवशी गोपिका कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन बसली. तिथल्या यमुताई ग्रंथपाल म्हणून पुढच्या महिन्यात निवृत्त व्हायच्या होत्या. चष्म्याची दोरी सावरत त्यांनी वह्या काढल्या. संगणक, इंटरनेट, व्हिडिओ, दूरसंचार, एकेक बोट खाली सरकत गेलं आणि रिकामं परत आलं.

“संगणक शाखेचे जुने अहवाल आम्ही रद्दीत दिले, बाई,” त्या हळूच म्हणाल्या. “वाळवी लागली होती. त्याच्यात गेला असन.”

गोपिकेनं मान हलवली. पाणी प्यायली. खिडकीबाहेर कॅन्टीनमधला पोरगा कुणाला तरी विचारत होता, “शाम को झील पे चलता क्या?” फुटाळा तलावावर जायचं असेल त्यांचं.

ती घोट अर्धा ठेवून उठली.

“यमुताई, तलावांचे अहवाल कुठं ठेवता?”

“ते मागच्या कपाटात. ते नाही टाकले. महानगरपालिकेचे साहेब येतात ना मागायला.”

अंबाझरीच्या गाळाचा अभ्यास. फुटाळ्याच्या पाण्याची तपासणी. गोरेवाड्याचा बांध. आणि त्यांच्या मधोमध, हिरव्या पुठ्ठ्याचा, अंगावर वाळवीचा एक डाग नसलेला: ‘झील – अखंड प्रवाहाचा अभ्यास’.

यमुताईंनी कपाळाला हात लावला. “झील आन् प्रवाह. मी म्हटलं पाण्याचंच असन. पुठ्ठ्यावरचा हा कपाटाचा आकडा माह्याच हाताचा आहे.”

“तुमच्या हाताला मी सोन्याची बांगडी करीन, ताई. बरोबर ठिकाणी ठेवला असता तर रद्दीत गेला असता.”

आत सगळं इंग्रजी होतं, आकृत्यांसकट. नेट तुटलं की कोणता तुकडा उचलायचा, कुठं जोडायचा, बाण काढून दाखवलेलं. प्रदर्शनाचा फोटो चिकटवलेला. ग्रंथालयाचा जांभळा शिक्का, मार्च २०१०. गोपिकेनं पहिलं पान उलटलं. तिथं तेवढी एक ओळ मराठीत होती: ‘मूळ कल्पना – श्री. शालिकराम, झीलकरी’.

घरी तिनं ते पान बाबांपुढं धरलं. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुसला, परत लावला.

“श्री. लिहिलं हाये,” एवढंच म्हणाले, आणि पान बराच वेळ परत दिलं नाही.

मुकुंदानं शिक्क्यासह प्रती जोडून उत्तर पाठवलं. या वेळी ‘लेक’ कुठंच नव्हतं. तीन आठवड्यांनी कंपनीचं अर्ध्या पानाचं पत्र आलं: सदर तलावविषयक अहवाल पाहिला, नोटीस मागे घेत आहोत.

“तलावविषयक?” गोपिकेनं विचारलं.

“ताई, राहू द्या,” मुकुंद म्हणाला. “बुडाले ते. कुठं का बुडेनात.”

भाऊबीजेनंतरच्या पहिल्या मंडईत शालिकराम हौसेनं पुन्हा उभे राहिले. शाहिरानं नवी लावणी काढली,

*थांब गाडीवाल्या दादा, तुझी बैलं दमली घाटात,*
*हिरव्या चुड्यातली माझी बांगडी राहिली वाटंत*

आणि मागून शालिकरामांनी ओळ उचलली, ‘राहिली वाटंत जी, राहिली वाटंत’. नेमकं तेव्हाच नेट गेलं. ऑफिसात गोपिका फोनकडं बघत राहिली. चक्र आलं नाही. बाबांचा आवाज आला, परत आला, परत आला.

गंमत संपताच फोन वाजला. उमरेडच्या रुखमाबाई.

“गोपे, तुह्या बापाचा गळा अजून बसला नाही, बरं वाटलं. पण मी मोजलं. सतरा वेळा म्हणला तो, राहिली वाटंत, राहिली वाटंत.”

“मग?”

“मग काय वं. नवी भरून द्या म्हणा एखादी. एका बांगडीपायी एवढा कोण थांबते?”