सुई शोधणारी बाई

"फ्रीज कुठं हलवायचा?" टोपीवाल्यानं विचारलं. मला वाटलं, त्याला तो दुसऱ्या कोपऱ्यात हवा असेल, म्हणून मी म्हटलं, "त्या भिंतीला प्लग नाहीये."

"तसं नाही, मावशी. घराबाहेर."

हा टोपीवाला म्हणजे टीव्हीवाल्यांचा म्होरक्या. आमची लेक, बबडी, गाण्याच्या स्पर्धेत वरच्या फेरीत पोचली होती आणि तिचं घरदार दाखवायला ही मंडळी सकाळी सकाळी येऊन धडकली होती. फ्रीज शेजारच्यांच्या घरात गेला, त्याच्या मागोमाग सोफा. मग त्यांची नजर पडद्यांवर गेली. ते पडदे मी शिवलेले, चांगले अस्तर लावून. एक पोरगा स्टुलावर चढून ते उतरवायला लागला तेव्हा माझं डोकंच फिरलं.

"पडद्यांनी काय घोडं मारलंय तुमचं?"

"घर फार चांगलं दिसतंय, मावशी," टोपीवाला म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा मी हे वाक्य तक्रारीच्या सुरात ऐकलं.

बबडीनं माझा हात दाबला. "आई, करू दे ना गं. सगळ्यांच्या घरी असंच करतात."

लेकीचं तोंड बघून मी गप्प बसले. मग टोपीवाला आमच्या ह्यांच्याकडे वळला. हे बसवर कंडक्टर. रजा टाकून, दाढी करून, ठेवणीतला शर्ट घालून केव्हाचे तयार होते.

"काका, तुम्ही पण जरा शेजारी बसता का?"

"माझं काही नाही का मग?" ह्यांनी विचारलं.

"आहे ना. तुमचं नंतर घेऊ."

हे मुकाट्यानं गेले आणि शेजाऱ्यांकडे आमच्याच सोफ्यावर, आमच्याच फ्रीजशेजारी जाऊन बसले. स्वभावच तसा आहे. कुणी सरका म्हटलं की सरकणार.

आता मी काही साधीभोळी बाई नाही. हे कार्यक्रम मी वर्षानुवर्षं ऐकत आलेय. बघत नाही, ऐकते. माझं शिलाईचं मशीन खिडकीशी आणि टीव्ही माझ्या मागच्या भिंतीला, त्यामुळे संध्याकाळभर माझी टीव्हीकडे पाठ. हे समोर बसून बघतात आणि परक्या पोरांसाठी डोळे पुसतात. मी पाठमोरीच बजावते, "अहो, खोटं रडतोय तो." पाठ करून बसलं की कान तयार होतात. खरं रडू येतं ते बोलता बोलता, शब्दाला धक्का मारून. हे लोक आधी थांबतात. कॅमेरा जवळ येईपर्यंत तेवढी जागा सोडतात, खालून वाजंत्री सुरू होते, आणि मग हुंदका. माझं हे शास्त्र ऐकून बबडी पोट धरून हसायची. लहानपणी तर आम्ही दोघी पैज लावायचो, आता रडणार का नाही. ती माझ्या पाठीला पाठ लावून बसायची आणि कुजबुजायची, "आई, थांबला बघ."

तर घर ओकंबोकं करून झालं आणि मला मशीनपाशी बसवलं. मशीन नको, हातानं शिवा, म्हणाले. तोंडावर हे मोठाले दिवे. त्या उजेडात घामानं बोटं ओली झाली आणि सुई सटकली.

आमच्या घरात सुई पडली की एकच कायदा. ज्यानं त्यानं आहे तिथं उभं राहायचं. मी ओरडले, "कुणी हलू नका." सगळ्यांची पायताणं मीच दारात काढायला लावली होती, पोरं अनवाणी. कुणाच्या पायात सुई मोडली तर काय घ्या? दोरीला बांधलेलं लोहचुंबक असतं माझ्याकडे, ते घेऊन मी गुडघ्यावर बसले आणि फरशीवरून फिरवत गेले. त्याला सुई लागेना तेव्हा तळहातानं सगळी फरशी चाचपली, पार कॅमेरावाल्याच्या पायापर्यंत. तो बिचारा जागचा हलला नाही. मनात म्हटलं, गुणी आहे पोरगा. सुई शेवटी स्टुलाच्या पायाशी सापडली.

"अप्रतिम, मावशी," टोपीवाला म्हणाला.

मला वाटलं, लोहचुंबकाचं कौतुक करतोय.

कार्यक्रम लागला त्या दिवशी गल्लीतली निम्मी माणसं आमच्या घरात होती. सोफा परत आला होता, पडदेही मी पुन्हा लावले होते. हे मधोमध बसले होते, तोच शर्ट घालून. त्या एका दिवशी मीही टीव्हीकडे तोंड केलं. बबडी उभी राहिली, गायली. छान गायली पोरगी. मग दिवे मंद झाले आणि पडद्यावर आमची फरशी आली.

फरशीवर माझे हात. गुडघ्यावर मी. लोहचुंबक कुठंच नाही, नुसते हात, सावकाश, मागून पुढं, आणि खाली रडकी वाजंत्री. कुणीतरी जड आवाजात सांगत होतं की लोकांच्या फरश्या पुसून एकट्या आईनं लेकीला वाढवलं. परीक्षकानं चष्मा काढला.

संताप संताप झाला माझा. फरशी पुसण्यात कमीपणा नाही. माझी आई पुसायची चार घरच्या, तिच्याच जिवावर मी शिवण शिकले. पण तिला कुणी असं वाजंत्री लावून दाखवलं असतं तर तिनं बादली ओतली असती त्यांच्या अंगावर. मी शिवते. गल्लीतल्या निम्म्या अंगांची मापं मला तोंडपाठ आहेत. ती सगळी अंगं माझ्या घरात बसून माझ्याकडे कळवळ्यानं बघत होती, जणू रोज बघतात ते खोटं आणि टीव्हीवरचं खरं.

आणि हे? हे अजून वाट बघत होते. जाहिरात लागली तरी उठले नाहीत. कार्यक्रम संपला तेव्हा शेजारी म्हणाले, "तुम्ही कसे नाही दिसलात?"

"माझं नंतर आहे," हे म्हणाले. मग आत जाऊन त्यांनी शर्ट बदलला.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या बँकवाल्या बाई आल्या. माझं जुनं गिऱ्हाईक. हातात भली मोठी पिशवी.

"जुने कपडे आहेत, पण चांगले आहेत. तुम्ही कधी बोलला नाहीत हो. किती सोसलंत."

"मी कपडे शिवते, बाई. तुमचेच शिवते."

"हो, पण तरी असू द्या," असं म्हणत त्या पिशवी ठेवून गेल्यासुद्धा. उघडून बघते तर सगळ्यात वर त्यांच्या मुलीचा निळा फ्रॉक. कॉलरची शिवण माझी. एक हूक तेवढा निघाला होता. तो मी लावला, सगळे कपडे इस्त्री केले आणि पिशवी त्यांच्या दाराशी ठेवून आले. त्यानंतर त्या माझ्याकडे आल्या नाहीत.

संध्याकाळी बबडीचा फोन आला. ह्यांनी तो स्पीकरवर टाकून मशीनवर ठेवला.

"आई, काय मतं पडलीत माहितीये? सगळे तुझ्याबद्दलच विचारतायत."

"माझ्याबद्दल नाही, त्या फरशीवाल्या बाईबद्दल विचारतायत. आणि तुझे बाबा कुठं गेले?"

"अगं, लिहिणारे लिहितात ते. मी काय करू?" मग जरा हळू, "पुढच्या फेरीला तुला स्टेजवर बोलावणारेत. काही बोलायचं नाहीये. मी हात धरीन, तू नुसते तळहात दाखव."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी नाही म्हणू नये, असं त्यांना वाटत होतं. लेक स्पर्धेतून बाहेर पडली असती तर खापर माझ्यावर फुटलं असतं आणि मी ते घेतलंही असतं. तरी जिभेवर होतं ते मी बोलले.

"येते. पण बाबांना घेऊन येते. ते माझ्या शेजारी उभे राहतील, आणि मी सुई शोधत होते, हे मी सांगीन. चालेल?"

पलीकडून काहीच आलं नाही.

मी कात्री खाली ठेवली. चिडू दे, मनात म्हटलं. भांडू दे, आदळआपट करू दे. लहानपणी करायची तशी. मी वाट बघत राहिले आणि ती शांतता जरा लांबली. तेवढीच लांबली, जेवढी मला पाठ होती.

मग हुंदका आला.

"आई," ती म्हणाली, "माझं स्वप्न आहे गं हे."

ह्यांचे डोळे भरून आले. त्यांनी फोन उचलून छातीशी धरला, "रडू नको बबडे, मी नाही येत, आई एकटी येईल," म्हणायला लागले.

मी स्टूल फिरवलं, त्या दोघांकडे पाठ केली, आणि सुईत दोरा ओवायला घेतला. बराच वेळ तो ओवला गेला नाही.