गावच्या मातीतली जोड

सरू भारताकडून रग्बी खेळते, एवढं पाचोडला ठाऊक होतं. रग्बी म्हणजे काय ते कुणालाच ठाऊक नव्हतं आणि विचारावं असंही कुणाला वाटलं नव्हतं. सत्काराच्या बॅनरवर तिच्या हातात क्रिकेटची बॅट होती. ती बघून सरू हसली. गावानं कौतुक करायचं म्हटलं की एवढं चालायचंच.

संभाजीनगरच्या कॉलेजात ती पळायला म्हणून गेली आणि तिथल्या सरांनी तिच्या हातात लंबगोल चेंडू दिला. तेव्हापासून तिनं अंग झिजवलं. खांदा निखळला, पुढचा दात गेला, ठरत आलेली सोयरीक मोडली. ती हटली नाही. दोनदा परदेशात खेळून आली. आता आशियाई स्पर्धेसाठी कोलकात्याला शिबिर होतं. तिशी जवळ आलेली, यानंतर कुणी बोलावणार नाही हे तिला पक्कं माहीत होतं.

पण तिचा बाप रामकिसन पडला जुना पैलवान. बाहेर नाव काढून आलेल्या गड्यानं गावच्या मातीत एक जोड खेळून दाखवायची, हा गावचा रिवाज. सत्काराचा सगळा कारभार गावपुढारी नानासाहेबांकडे होता. त्यांनी सहज विषय काढला आणि रामकिसननं लेकीला न विचारता शब्द देऊन टाकला.

"आबा, शिबिर तोंडावर आलंय. मला नाय खेळायचं इथं," सरू म्हणाली.

"एक डाव दाखव फकस्त. आता नाय म्हणलीस तर नानासाहेबाला मी काय तोंड दाखवू?"

रामकिसनच्या तोंडाची काळजी साऱ्या घरानं जन्मभर वाहिली होती. सरूच्या पायांची काळजी मात्र तिची तिनं करायची. तरीही ती तयार झाली. बापानं तिचा एकही सामना बघितला नव्हता, आणि त्यानं बघावा असं तिला फार वाटत होतं.

बाजारतळावरच्या मुरमाड जागेत शाळेच्या कबड्डीच्या पोरी तिच्यासमोर उभ्या केल्या. सरूनं त्यांना समजावलं, चेंडू घेऊन पळणारीला खाली पाडायचं आणि पाडलं की लगेच सोडायचं. पोरींनी माना डोलावल्या. शिट्टी वाजवणार होते नानासाहेब, पण ते माइकवर गावाचा इतिहास सांगण्यात रंगले होते.

सरू पळाली. दोघींना तिनं सहज चकवलं. तिसरीनं तिचा घोटा धरला आणि ती पालथी पडली. नियमाप्रमाणं तिनं चेंडू सोडून दिला. पोरी मात्र सोडीनात. कबड्डीत धरलेल्या गड्याला शिट्टी होईस्तोवर सोडायचं नसतं, ते त्यांच्या अंगात भिनलेलं. बाकीच्याही येऊन तिच्यावर कोसळल्या आणि ढकलाढकलीत ती कुशीवर वळली.

"सोडा गं," सरू म्हणत होती. तेवढ्यात गर्दीतून बापाचा आवाज आला.

"सरू, पाठ लागू देऊ नको."

कुस्तीत पाठ मातीला लागली की हार; या खेळात पाठ लागली काय आणि न लागली काय, सारखंच. हे सरूला झोपेतही ठाऊक होतं. पण आवाज बापाचा होता. तिनं सगळा जोर लावून अंग उलटं फिरवलं. अंग फिरलं, पाय पोरीच्या मुठीतच राहिला.

गुडघ्याचा आवाज तिला आधी ऐकू आला, कळ नंतर आली. तिला जीपमध्ये आडवं घातल्यावर नानासाहेबांनी तशातच तिच्या अंगावर शाल घातली, नारळ दिला आणि फोटोही काढून घेतला.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं. कोलकात्याला तिच्या जागी दुसरी गेली.

स्पर्धेच्या दिवशी दुपारी सरू खाटेवर मोबाइलवर सामना बघत होती. रामकिसन शेजारी येऊन टेकला. आयुष्यात पहिल्यांदाच तो हा खेळ बघत होता, आणि बघताना कुस्तीच्या फडात बसल्यागत पुढं झुकला होता. आपल्याकडची एक पोरगी चेंडूसकट उताणी पडली. समोरचीनं तिला सोडलं. ती उठली आणि पुन्हा पळू लागली.

रामकिसननं मोबाइलकडं बोट केलं.

"पाठ लागली की हिची. तरी खेळ चालूच ऱ्हातो व्हय?"

"व्हय, आबा."

"मंग हे आधी सांगायचं नाय का मला," तो चिडून म्हणाला.